किल्ल्याच्या आधी कणगी

काही वर्षांपूर्वी एका बैठकीच्या निमित्ताने आम्ही धारूरला गेलो होतो. बैठक लवकर आटोपली, एस.टी.ला अवकाश होता, म्हणून पाच-सहा जण किल्ला पाहायला निघालो. त्यांत मोंढ्यात हमाली करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. दरवाजा पाहिला, खंदक पाहिला, बुरुजावर चढलो, पाण्याची टाकी पाहिली. तास-दीड तास हिंडून झाल्यावर ते गृहस्थ एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "सगळं बघितलं बघा, पण ह्यांचं गोदाम कुठंय?"

आम्ही सगळे हसलो. जन्मभर पोती वाहिलेल्या माणसाला किल्ल्यातसुद्धा गोदामच आठवायचे, असे कोणीतरी म्हणालेही. परंतु परतीच्या वाटेवर तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. शेकडो माणसे, घोडी, बैल महिनोन् महिने आत कोंडून राहायची, तर ती खात काय होती? आणि ते आत आणून कोण ठेवीत होते? शाळेच्या पुस्तकात आम्ही किल्ल्यांची नावे पाठ केली, कोणी कोणाकडून कधी घेतला ते पाठ केले. गोदामाचा प्रश्न त्यात नव्हता.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे मोंढ्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा प्राध्यापकांचा आव आम्ही आणणार नाही. परंतु त्या गोदामाच्या मागे लागून आम्ही जे वाचले, त्यावरून आमचे एक मत झाले आहे. ते असे की, किल्ला हा मूळचा राजाचा नव्हे. तो मूळचा धान्याचा. राजा त्यात नंतर राहायला आला.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून पुरावा पाहू. त्यासाठी धारूरच्या फार मागे, तीन हजार वर्षांहूनही मागे जावे लागते.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथे पांढरीची काही टेकाडे होती. पांढरी म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. पिढ्यान् पिढ्या माणसे एका जागी राहिली, चुलीची राख, शेणामातीचे पोतेरे, पडक्या भिंतींचा चिखल साचत गेला, की माती पांढरी होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ साली तेथे उत्खनन सुरू केले व ते पुढे बरीच वर्षे चालले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातील मुख्य नावे. शंभराहून अधिक घरे त्यांनी उघडी केली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे तेथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. लोखंड अजून आले नव्हते. तांबे थोडे, दगडाची पाती पुष्कळ.

या गावाच्या मधल्या काळात, म्हणजे इ. स. पू. १४०० ते १००० च्या दरम्यान, घरे चौकोनी, ऐसपैस होती. भिंती कुडाच्या आणि मातीच्या. बहुतेकांचे घर एका खोलीचे. पण गावाच्या मध्यभागी एक घर पाच खोल्यांचे निघाले, आणि त्याला लागूनच दुसरी एक इमारत. तिच्यात जमिनीत खोदलेली पेवे होती आणि कणग्या ठेवण्याचे मातीचे गोल ओटे होते. ते धान्याचे कोठार होते. पाच खोल्यांचे घर गावाच्या प्रमुखाचे असावे, असा संशोधकांनी निष्कर्ष काढला. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे मात्र गावाच्या पश्चिमेच्या कडेला होती. गावकुसाजवळ कोणी राहायचे हा प्रश्न फार जुना आहे, एवढेच येथे म्हणतो.

या गावाला माती आणि ओबडधोबड दगडांचा तट होता, तटाबाहेर खंदक होता. नदीचे पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी खोदलेला पाटही सापडला. आता विचार करा. पाट खोदणे, बांध घालणे, तट उभा करणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. सगळा गाव राबला असेल. पिकलेले धान्य मध्यभागी एका कोठारात आले असेल. दुष्काळासाठी, बियाण्यासाठी, देवासाठी, काही म्हणा. आणि कोठाराशेजारी ज्याचे घर, त्याच्या हाती माप. आमच्या मते महाराष्ट्रातील राजवाड्याचा पाया तेथे पडला. तट सगळ्यांनी बांधला, माप एकाकडे राहिले.

या प्रमुखाच्या घराण्याबद्दल आणखी एक गोष्ट तेथील मातीने सांगितली. त्या काळी प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडीत. मेलेल्याने उठून जाऊ नये, ही समजूत असावी. परंतु पुढच्या काळातील एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण निघाला. त्यात चाळीस वर्षांच्या आसपासचा एक पुरुष बसवलेला होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. कोठाराच्या मालकाला मेल्यावरही चालण्याची मुभा होती, असे आम्ही त्यावर म्हणतो. संशोधक इतके धारिष्ट्य करणार नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच घडले काय? म्हणून आम्ही मुद्दाम दूरचा एक देश निवडून वाचला, तो आयर्लंड. दुष्काळ म्हणजे काय हे ज्या देशांना आपल्याइतके कळते त्यांत तो एक. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले आणि लाखो माणसे मेली, लाखो परागंदा झाली. त्या देशात चाळीस हजारांहून अधिक जुनी गोल कोटे आहेत. भोवती खंदक, खंदकाच्या मातीचा बांध, आत एक-दोन कुडाची घरे. ती राजांची नव्हेत. बहुतेक सधन शेतकऱ्यांची. तिकडे धन म्हणजे गाई, आणि शेजाऱ्याच्या गाई वळवून नेणे हा मर्दपणा समजला जाई. त्यामुळे तेथे कणगीच्या जागी गोठा; बाकी मांडणी तीच.

राजांची ठिकाणेही तिकडे आहेत. टारा नावाच्या टेकडीवर राजांचा म्हणून एक प्रचंड वर्तुळाकार बांध आहे. गंमत अशी की, तेथे खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे. शत्रूला अडवायचे तर खंदक बाहेर हवा, हे पोरालाही कळेल. म्हणजे तो कोट लढण्यासाठी नव्हे, समारंभासाठी, मिरवण्यासाठी होता. नॅव्हन येथेही तसेच. तेथे तर चाळीस मीटर रुंदीची लाकडी गोल इमारत उभारली, ती दगडांनी भरली, पेटवून दिली आणि वर मातीचा ढीग रचला. खांबाच्या लाकडातील वर्षवलये मोजून ते लाकूड इ. स. पू. ९५ च्या सुमारास तोडले हे कळले. एवढी मेहनत जाळण्यासाठी! यज्ञात तूप ओतणाऱ्या आपल्या देशातल्या माणसाने मात्र त्यावर फार हसू नये.

पण त्या देशातली जी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती इमारतीत नाही, कायद्याच्या एका पोथीत आहे. 'क्रिथ गाब्लाख' नावाची ही पोथी सुमारे इसवी सन ७०० ची. कोणत्या दर्जाच्या माणसाचे घर केवढे, त्याचा मान केवढा, याचे तीत हिशेब आहेत. राजाच्या कोटाचे माप दिले आहे: प्रत्येक दिशेला एकशे चाळीस फूट, मातीचा बांध सात फूट जाड. आणि पुढे असे सांगितले आहे की, त्याच्या अंकित कुळांनी घातलेला बांध ज्याच्या भोवती आहे, तोच राजा. म्हणजे राजा कोण हे मुकुटावरून ओळखायचे नाही, लढायांवरूनही नाही. त्याच्यासाठी किती लोकांनी माती खणली यावरून ओळखायचे. युनियनचे काम करताना आम्ही पुष्कळ कायदे वाचले. इतका स्वच्छ बोलणारा कायदा आमच्या पाहण्यात नाही.

तेथील सुरुवातीच्या दगडी देवळांविषयीही एक बारकावा आहे. त्यांच्या बाजूच्या भिंती समोर आणि मागे थोड्या पुढे आलेल्या असतात. दगडी बांधकामाला त्याची काही गरज नाही. लाकडी देवळाच्या कोपऱ्यातल्या खांबांची ती आठवण आहे. आपल्या भाजे, कार्ल्याच्या लेण्यांत छताला लाकडी कमानी आहेत. डोंगरात कोरलेल्या छताला फासळ्यांचा काय आधार? त्याच घाटाचे छत धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथील त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाला आहे. सुताराची वहिवाट पाथरवटाच्या आणि गवंड्याच्या हातात तशीच उतरली. कारागीर नवे साहित्य घेतो, पण हात जुनाच चालवतो. कोठेही जा, दगडाच्या आधी लाकूड, माती आणि कूड. आणि राजाच्या आधी गाव.

आता पुन्हा आपल्या भागात येऊ. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यांत दुर्ग एक आणि कोश एक. दुर्गात काय काय साठवावे याची त्याने यादी दिली आहे: धान्य, तेल, मीठ, औषधे, वैरण, सरपण, अनेक वर्षे पुरेल इतके, आणि जुने काढून सतत नवे भरावे. पन्हाळ्यावर ज्यांनी अंबारखाना पाहिला असेल त्यांना हे चटकन पटेल. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन प्रचंड कोठारे तेथे उभी आहेत. धान्य वरून ओतायचे. त्यासाठी छताला भोके. म्हणजे प्रत्येक पोते आधी डोंगरावर आणि मग छतावर चढवायचे. आम्ही ती इमारत पाहिली तेव्हा आमचे लक्ष कमानींकडे गेले नाही, पायऱ्यांकडे गेले. पाठीवर ओझे असलेल्या माणसाला पायरीची उंची फार कळते.

कोठार चुकले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याजवळच घडले. देवगिरी ही यादवांची राजधानी. खडकात खोदलेला खंदक, तासलेला कडा, आत शिरायला अंधाऱ्या भुयाराची वाट. असा दुर्ग हिंदुस्थानात थोडा. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी अचानक येऊन धडकला. रामदेवरावाचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेलेले. राजा किल्ल्यात शिरला. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती वाटेत पडली होती, ती धान्याची समजून लोकांनी घाईघाईने वर नेली. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत मीठ! तट अभेद्य, कडा अभेद्य, आणि खायला मीठ. जबर खंडणी देऊन तह करावा लागला.

फिरिश्ता त्या प्रसंगानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात ठेवावे. पण ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा आमच्या मनात दुसरीच शंका आली. आम्ही वयाच्या पंधराव्या वर्षी पाठीवर पोते घेतले. मिठाचे पोते ओळखायला ते उघडावे लागत नाही. ज्वारीच्या तेवढ्याच पोत्यापेक्षा ते कितीतरी जड भरते. ते ओलसर असते, पाठीला चिकटते, खरचटलेल्या जागी झोंबते. ज्वारी अंगाबरोबर सरकते, मीठ दगडासारखे बसते. म्हणजे त्या दिवशी देवगिरीचा चढ चढणाऱ्या प्रत्येक हमालाला ठाऊक असले पाहिजे की, आपण मीठ वाहतो आहोत. तेव्हा एक तर ही गोष्ट फिरिश्त्याच्या काळात कोणी रचली, किंवा ती खरी आहे आणि त्या हमालांना कोणी विचारले नाही. दुसरी शक्यता आम्हाला मुळीच अशक्य वाटत नाही. आम्ही एका गोदामात काम करीत असताना भिजलेल्या मालाबद्दल मुकादमाला सांगायला गेलो, तेव्हा "तुझं काम पोतं टाकायचं" असे उत्तर मिळाले होते. महिन्याने सगळी थप्पी नासली.

धारूरचा आजचा किल्ला १५६७ साली विजापूरच्या आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने निजामशाहीच्या मुलखात घुसून बांधला. बालाघाटच्या कड्याचा फायदा त्याने नेमका घेतला. बहुतेक बाजूंनी दरी. ज्या बाजूने सपाटी, तेथे खंदक आणि भक्कम तट. निसर्गाने जेवढी भिंत फुकट दिली तेवढी मजुरी वाचली. आयर्लंडच्या पश्चिमेला एका बेटावर समुद्राच्या कड्याला टेकून अर्धवर्तुळाकार दगडी कोट बांधला आहे, त्याचीही युक्ती हीच. थोड्याच काळात निजामशहाने किल्ला घेतला, किश्वरखान मारला गेला, आणि गावाला फतेहाबाद हे नाव पडले. पुढे १६३१ साली शहाजहानचा सरदार आझमखान याने तो मोगलांकडे घेतला. हे साल नीट पाहा. १६३० ते १६३२ हा दख्खनच्या इतिहासातला अत्यंत भयंकर दुष्काळ. पाऊस गेला, जनावरे मेली, गावे ओस पडली. त्याच वेळी ही फौज बालाघाटावर फिरत होती. अशा साली किल्ला घेणे म्हणजे कोठार आणि पाणी घेणे होय. घाटावरच्या गावांना त्या कोठारातले काही मिळाले असेल, असे आम्हाला वाटत नाही. तट ज्यांच्यासाठी होता ते आत होते.

सोळाव्या शतकात निजामशाहीतच बीडजवळ खजाना विहीर बांधली गेली, हे येथे सांगितलेच पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. भुयारांनी पाणी विहिरीत आणायचे आणि भुयारानेच शेतांकडे सोडायचे, अशी ती योजना. तिला बुरूज नाहीत, तट नाही. तिला खजाना म्हणण्यात लोकांनी चूक केलेली नाही.

मोठ्या किल्ल्यांपेक्षा आमच्या जिल्ह्याला जवळची आहे ती गढी. मराठवाड्यात गावोगावी ती होती. खाली दोन-तीन पुरुष उंचीचे दगडी जोते, वर पांढऱ्या मातीचा तट, पायाशी रुंद आणि वर निमुळता. कोपऱ्यांवर बुरूज, एकच दरवाजा, आत आड आणि पेव. ती पांढरी माती कोठली? गावाच्या जुन्या टेकाडाची. म्हणजे आपल्याच पणज्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंती तुडवून, मळून गढी उभी राहिली. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात, १९४८ पूर्वी, वेठीने हा चिखल तुडवायला जात. मजुरी नाही, दुपारी एक भाकरी. पेवात ज्वारी भरायलाही तेच उतरत. बंद पेव उघडले की आत विषारी वाफ असते. आधी दिवा सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचे नाही. बरेच दिवस झाकलेले पेव एकदम उघडते, त्यावरूनच 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग आला असावा. आज तो आपण भाषणांबद्दल वापरतो.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही झोळीतले मूल होतो. आई खडी फोडायला जाई. सुकडी आणि मिलोची तांबडी ज्वारी यांवर घर जगले. त्या साली गावातली काही माणसे गढीवर गेली होती, पेवात काही आहे का विचारायला. नाही म्हणून सांगितले गेले. आम्ही आईला पुष्कळदा विचारले, खरेच नव्हते का? ती म्हणे, "आत कोण उतरलं होतं बघायला? भरायच्या वक्ताला आपला माणूस, उघडायच्या वक्ताला आपण कोण?"

आयर्लंडातली ती मातीची कोटे आजवर टिकली, याचे एक कारण असे की, त्यांत अद्भुत शक्ती राहतात या भीतीने शेतकरी तेथे नांगर घालत नसे. आपल्याकडे गढीत धनावर नाग बसलेला असतो. परंतु आमच्या लोकांनी नागाची भीड ठेवली नाही. माळवदाला गळती लागली की गढीची माती उत्तम. पावसाळ्याच्या तोंडावर गाड्या भरभरून ती नेत. तट असा हळूहळू पुन्हा गावात वाटला गेला आणि घरांच्या डोक्यावर जाऊन बसला. पुढे स्लॅबची घरे आली आणि मातीचे गिऱ्हाईक संपले. आता उरलेले बुरूज पावसाने ढासळतात.

इनामगावचा शेवटही सांगायचा राहिला. इ. स. पू. १००० नंतर पाऊसमान बिघडले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला, शिकारीच्या हाडांचे प्रमाण वाढले. माणसे वर्षाचा काही काळ जनावरांमागे हिंडू लागली असावीत, असे संशोधक म्हणतात. त्या झोपड्यांचे नकाशे आम्ही वाचनालयात पाहिले तेव्हा आम्हाला साखर कारखान्याच्या तळावरच्या कोप्या आठवल्या: बांबू, चटई, पाचट, वर ताडपत्री, वाकून आत जायचे, वाकून बाहेर यायचे. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते खांबांचे खड्डे आणि ऊसतोडीच्या टोळीने हंगाम संपल्यावर मागे सोडलेले खड्डे यांत फरक सांगायला आम्हाला जड गेले असते.

आमच्या गावच्या टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे निघतात. ट्रक गढीच्या पायथ्याशीच उभा राहतो, कारण गावात तेवढी मोकळी जागा तीच. उचल घेतलेली असते, मुकादम घाई करीत असतो, कोयते, भांडी, पोरे, शेळी वर चढवली जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. त्यांच्यापुरती ज्वारी काढून ठेवून उरलेली पत्र्याच्या कोठीत भरतात. निघताना बाई आधी कोठीला कुलूप लावते, मग दाराला.